ओहोटीच्या डबक्यापाशी बसून बघणं, आणि किनारा आहे तसा राहू देणं

निळीशाई

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं, परवा जे बघितलं त्यानंतर राहवलंच नाही.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा खूपच आत गेलं होतं आणि खडकांमध्ये अडकून राहिलेल्या एका डबक्यापाशी मी जवळजवळ पावणेदोन तास बसले होते. डबकं केवढं, तर परातीएवढं, आणि खोल जेमतेम वीतभर. पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही हो, खरंच काही दिसत नाही. स्वच्छ पाणी, तळाशी वाळू, चार-पाच शंख, कडेला बार्नॅकलचे पांढरट खडबडीत ठिपके. बहुतेक लोक इथेच उठून पुढच्या डबक्याकडे जातात, मीही कित्येक वर्षं तेच करायचे.

मग हळूहळू एकेक जण हलायला लागतो. आधी एक शंख चालायला लागला, म्हणजे आत खेकडा होता. मग कडेचे ते खडबडीत ठिपके उघडले आणि प्रत्येकातून पिसासारखा बारीक पंखा बाहेर आत, बाहेर आत. बार्नॅकल डोक्याच्या बाजूनं खडकाला चिकटून आयुष्यभर तसाच राहतो आणि पायांनी पाण्यातलं अन्न ओढून घेतो, त्यामुळे तो पंखा म्हणजे त्याचे पायच. वाळूच्याच रंगाचा एक मासा होता, तो तर मी तासभर वाळू समजूनच बघत होते.

आणि मग जे झालं त्यासाठी हा धागा. एक रिकामा शंख पडला होता. खेकडा त्याच्याजवळ आला, नांगीनं तो फिरवला, तोंडाशी आणून आत नांगी घालून सगळीकडून चाचपलं, परत फिरवला. चांगली पाच-सात मिनिटं. आणि मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच स्वतःच्या शंखातून निघून त्यात शिरला पण! तो मऊ, वाकडा, उघडा पोटाचा भाग क्षणभरच दिसला. त्याचा जुना शंख तिथेच पडला, आणि थोड्या वेळात त्याहून लहान खेकडा येऊन त्याची तपासणी करायला लागला. एका रिकाम्या शंखामुळे दोघांची घरं बदलली.

थोड्या वेळानं एक कुटुंब आलं, छान माणसं होती, मुलं आनंदात होती. बादलीत शंख भरले, वाळायला नकोत म्हणून थोडं पाणी घातलं, सात-आठ दगड उलटे करून बघितले आणि ते तसेच उलटे टाकून गेले. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, त्यामुळे त्यांचा राग येत नाही. माझ्या घरीसुद्धा लहानपणी जमवलेल्या शंखांची एक मोठी बरणी आहे आणि परवापासून तिच्याकडे बघवत नाहीये.

तुम्ही किनाऱ्यावर जाता तेव्हा काय बघता, काय पाळता, लिहा ना.

अनवाणी

किती सुंदर लिहिलंय ताई. वाखु (वाचनखूण) साठवली आहे. मी समुद्रावर गेले की नेहमी खडक पाण्याखालीच असतात, एकदा गेले तेव्हा दिसले पण पंधरा मिनिटांत पाणी आलं. नेमकं जायचं कधी हे कसं ठरवायचं?

जुनाखलाशी

@अनवाणी, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघायचंच नाही हा पहिला नियम. एका भरतीपासून पुढची भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणजे रोज वेळ ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती असते, म्हणून त्या त्या जागेचंच वेळापत्रक बघायचं. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं तसंच जास्त उतरतंही, आणि एरवी कधीच न दिसणारे खालचे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी, तेव्हा गेलात तर फार काही हाती लागत नाही. अजून एक, एकाच जागी उधाणाची ओहोटी घड्याळात साधारण त्याच सुमारास येते, त्यामुळे एकदा वेळ कळली की पंधरा दिवसांनी परत तीच धरून चालायला हरकत नाही, तरी वेळापत्रक बघायचंच.

सर्वात कमी पाण्याच्या वेळेला पोचायचं नाही, त्याच्या तास-दीड तास आधी पोचायचं आणि उतरत्या पाण्यामागून खाली जायचं. पाणी फिरलं की आपणही फिरायचं. पाणी चढताना एका वेगानं चढत नाही. सहा तासांच्या चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. पहिला तास बघून माणसाला वाटतं की भरपूर वेळ आहे, आणि तिसऱ्या तासात मागची वाट बुडालेली असते. पाठ समुद्राकडे करून बसू नका, हिरव्या शेवाळावर पाय टाकू नका, एकटे जाऊ नका आणि गेलात तर घरी सांगून जा. मी माणसं अडकलेली बघितली आहेत म्हणून इतकं कळकळीनं सांगतोय.

वाळूचाकण

धागा आवडला पण एका गोष्टीवर असहमत. समुद्र रोज लाखो शंख बाहेर टाकतो. एखाद्या मुलानं चार शंख घरी नेले तर काय बिघडणार? उलट त्यातूनच त्याला समुद्राची ओढ लागते. मला तशीच लागली. सगळ्यालाच हात लावू नका म्हटलं तर मुलं मोबाइलच बघत बसतील.

निळीशाई

वाळूचाकण, तुमचा मुद्दा मला पटतो म्हणूनच त्रास होतो. पण चार शंख नेणारं एकच मूल नसतं ना. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर एका पुळणीवर संशोधकांनी १९७८ ते १९८१ मध्ये शंख-शिंपले मोजले होते आणि तिथेच २००८ ते २०१० मध्ये परत मोजले. मधल्या काळात पर्यटक जवळजवळ तिप्पट झाले होते आणि शंख निम्म्याहूनही कमी उरले होते. त्यात यंत्रानं पुळण साफ करण्याचाही वाटा असणार, फक्त लोकांच्या खिशांचा नाही. पण तिथे मासेमारी किंवा बांधकाम तसं फारसं बदललेलं नव्हतं, बदलली ती माणसांची ये-जा.

आणि रिकामा शंख खरं तर रिकामा नसतो, कुणाच्या तरी पुढच्या घराची ती सोय असते. तो झिजून झिजून वाळू होतो ते वेगळंच.

इटलीत सार्डिनिया बेटावर २०१७ पासून वाळू, खडे, शंख नेल्यास ५०० ते ३००० युरो दंड आहे. तिथल्याच बुडेल्ली बेटावरची गुलाबी पुळण तर १९९४ पासून लोकांना बंद आहे, कारण लोक ती बाटल्यांत भरून नेत होते.

पानगळ

या विषयाची जुनी आणि फार वाईट वाटणारी हकीकत सांगतो. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस नावाचा निसर्ग-अभ्यासक होता. समुद्राकाठच्या डबक्यांतल्या जिवांवर त्यानं इतकं सुंदर लिहिलं आणि इतकी सुंदर चित्रं काढली की घरोघरी खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या ठेवायचं वेडच लागलं. रेल्वेनं माणसं किनाऱ्यावर यायची आणि समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे, खडकाला चिकटून राहणारे प्राणी), तारामासे, शेवाळ छिन्नी-हातोड्यानं काढून बरण्यांतून न्यायची. गॉसच्या मुलानं, एडमंडनं, पन्नासेक वर्षांनी लिहून ठेवलंय की वडिलांबरोबर लहानपणी बघितलेली ती भरलेली डबकी आता कुठेच उरली नाहीत आणि आपल्याच लिखाणामुळे हे झालं याचं वडिलांना फार दुःख होतं.

हा माणूस समुद्राचा शत्रू नव्हता हो, त्याच्याइतकं प्रेम फार थोड्यांनी केलं असेल. म्हणूनच मला वाटतं की ओढ लागणं पुरेसं नाही, ओढ लागल्यावर हात कुठे ठेवायचे तेही त्याच वेळी शिकवायला हवं. आणि म्हणूनच मी माझ्या आवडत्या जागांचे फोटो टाकतो पण जागेचं नाव टाकत नाही. कुणाला हे कोतेपणाचं वाटेल, पण माझा निर्णय तोच आहे.

वाळूचाकण

पानगळ, हे माहीत नव्हतं. वाचून गप्पच झालो.

बालवाडीताई

मी लहान मुलांना घेऊन जाते म्हणून माझा अनुभव लिहिते. हात लावायचाच नाही असं मी सांगत नाही कारण ते शक्यही नाही आणि मला ते योग्यही वाटत नाही. आमचं असं आहे की आधी हात समुद्राच्या पाण्यात नीट ओले करायचे, कारण कोरडा तळवा त्यांच्या अंगावरचा चिकट थर ओढून काढतो, आणि हाताला सनस्क्रीन किंवा कुठलं क्रीम लावलेलं नको. मग एकाच बोटानं, हळू, आणि जिथे आहे तिथेच. काहीही खडकावरून ओढून काढायचं नाही. तारामासा ओढला तर त्याचे शेकडो बारीक नळीसारखे पाय असतात ते तुटतात, तो नंतर धड चिकटू शकत नाही.

दगड उचलायचाच असेल तर मोठ्या माणसानं, दोन्ही हातांनी, आपल्या बाजूनं उचलायचा म्हणजे खालचा जीव पलीकडून निसटू शकतो, बघायचं आणि होता तसाच, त्याच बाजूवर, अलगद ठेवायचा. वरच्या बाजूला शेवाळ असतं त्याला ऊन लागतं, खालच्या बाजूला स्पंज, अंडी, किडे, त्यांना अंधार आणि ओल लागते. उलटा टाकला की दोन्ही बाजू मरतात.

ज्याचं नाव माहीत नाही त्याला बोटही नाही. शंकूच्या आकाराचे नक्षीदार शंख काही समुद्रांत असतात, त्यातल्या गोगलगाईचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि निळ्या कड्यांचा एवढासा ऑक्टोपससुद्धा. तेव्हा ‘सुंदर दिसलं की उचल’ ही सवय मुळातच नको.

आणि मुलांना सगळ्यात काय आवडतं सांगू? समुद्रफूल उघडताना बघायला. पाण्याबाहेर ते ओल्या मांसाच्या गोळीसारखं दिसतं, अंगाला शिंपल्यांचे तुकडे चिकटलेले. पाण्याखालचं मात्र पाकळ्या पसरून बसलेलं असतं. मी त्यांना एक गोष्ट सांगते, स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलियेल यांनी १८२८ मध्ये एक समुद्रफूल काचेच्या भांड्यात ठेवलं होतं, ते १८८७ पर्यंत जगलं. डॅलियेल गेले, त्यांच्यानंतर सांभाळणारेही बदलत गेले, लोक त्याला आजी म्हणायचे. तुमच्या बोटाखाली आहे ती कदाचित तुमच्यापेक्षा मोठी असेल असं सांगितलं की मुलांचा हात आपोआप हलका होतो.

जुनाखलाशी

बालवाडीताईंना +१. दगडाचं तर शंभर वेळा सांगायला हवं.

तळपाणी

डबक्यात राहणं किती अवघड आहे तेही लिहायला हवं. बाहेर समुद्राचं तापमान दिवसभर जवळपास तेच असतं, डबकं मात्र दुपारी कढत होतं. ऊन पडलं की पाणी उडून खारटपणा वाढतो, पाऊस पडला की एकदम कमी. दिवसा शेवाळ इतका प्राणवायू सोडतं की त्याच्यावर बुडबुडे जमलेले दिसतात, रात्री तेच शेवाळ आणि सगळे प्राणी मिळून तो संपवतात. यातून जे टिकलंय ते आधीच काठावर जगतंय.

त्यात एकेका जिवाची जागा ठरलेली असते. रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञानं १९६३ पासून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या माका बे इथे एका खडकाच्या पट्ट्यावरून जांभळट तारामासे नियमित काढून लांब फेकायला सुरुवात केली, फक्त तेवढंच. तारामासे काळे शिंपले खातात, ते खाणारं कुणी उरलं नाही तेव्हा शिंपल्यांनी सगळा खडक व्यापला आणि १५ जातींच्या जागी ८ उरल्या. शेजारच्या तारामासे असलेल्या पट्ट्यावर काही बदललं नाही. यावरूनच त्यानं १९६९ मध्ये कीस्टोन स्पीशीज ही कल्पना मांडली, म्हणजे कमानीतला तो मधला दगड, जो काढला की कमान कोसळते. आपण बादलीत टाकतो तो जीव कमानीतला कुठला दगड आहे हे आपल्याला बघून कळत नाही.

२०१३ पासून त्याच किनाऱ्यावर तारामासे रोगानं अक्षरशः विरघळून मरायला लागले, वीसपेक्षा जास्त जाती. सूर्यफुलासारखा वीसेक हातांचा मोठा तारामासा तर नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला. त्यामागे एक जिवाणू आहे हे कळायला २०२५ उजाडलं.

लिम्पेटबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. खडकावर टोपीसारखा चिकटलेला असतो तो. पाणी आलं की शेवाळ खरवडत फिरतो आणि पाणी ओसरायच्या आत बऱ्याचदा स्वतःच्या त्याच जागेवर परत येतो. घासून घासून त्याच्या शंखाच्या काठाचा आणि खडकाचा साचा जुळलेला असतो, म्हणून आत पाणी धरून तो ऊन काढू शकतो. त्याला उपटून चार फुटांवर ‘परत’ ठेवला तर त्याच्या दृष्टीनं तो परत ठेवलेला नसतो.

ओलीवाट

मला थोडं वेगळ्या बाजूचं लिहायचंय, खडक नाही तर पुळण. आम्ही मित्र-मैत्रिणी चार वर्षं किनारा सफाई करतो. पहिल्या वर्षी आम्ही प्लास्टिकबरोबर वाहून आलेलं सगळं शेवाळ, काटक्या, पानं पण उचलली आणि पोत्यांत भरून पाठवली. किनारा एकदम गुळगुळीत झाला, आम्ही फोटो काढले, खूप अभिमान वाटला. त्यात रबराच्या तुटक्या गळपट्टीसारखे राखाडी गोल तुकडे खूप होते, वाळूचे असावेत असे, हाताला लवचीक लागायचे. कचराच वाटला, वीसेक तरी पोत्यात टाकले असतील मी. पुढच्या वर्षी एका अभ्यासक बाईंनी सांगितलं की ती चंद्रशंखाच्या गोगलगाईची अंडी. ती वाळूचे कण आणि चिकट द्रव मिसळून अशी पट्टी बनवते, त्यात हजारो अंडी. ते ऐकलं तेव्हा मला रडूच आलं.

आता आम्ही वाकून, हातानं, फक्त माणसानं केलेलं उचलतो. ओल्या शेवाळाची जी ओळ भरतीच्या रेषेवर पडते ती तशीच ठेवतो. सकाळी ती जरा बाजूला करून बघा, खाली वाळूतल्या उड्या मारणाऱ्या किड्यांची नुसती धांदल असते, आणि पक्षी त्यांच्यासाठीच त्या रेषेवरून चालत असतात. वाऱ्याबरोबर येणारी वाळू त्याच शेवाळाला अडते, तिथे बी रुजतं, मर्यादवेल पसरते आणि वाळूची टेकडी तयार व्हायला सुरुवात होते.

यंत्रानं रोज विंचरलेल्या पुळणीवर यातलं काही होत नाही. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाची पुळण अनेक दशकं यंत्रानं साफ व्हायची. तिथे २०१६ मध्ये सुमारे तीन एकराचा तुकडा साधं कुंपण घालून, देशी रोपांचं बी टाकून नुसता सोडून दिला. वाळूचे छोटे उंचवटे आपोआप तयार झाले, आणि २०१७ मध्ये त्या तुकड्यात स्नोई प्लोव्हर या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं सापडलं. लॉस एंजेलिस परगण्यात जवळपास सत्तर वर्षांत तो वीणीला आला नव्हता!

रेखांश

बांधकामातला माणूस आहे म्हणून भिंतींबद्दल थोडक्यात. किनारा खचतोय म्हणून दगडी भिंत बांधा ही मागणी सगळीकडे असते आणि मागणाऱ्यांची घरं जात असतात त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. पण उतरत्या पुळणीवर लाट चढते, दमते, वाळू टाकून जाते. उभ्या भिंतीवर ती आपटून तेवढ्याच जोरानं परत फिरते आणि पायाची वाळू ओढून नेते. भिंत वाचते, पुळण जाते, आणि शेजारच्या गावाकडे जाणारी वाळू तुटली की त्यांचीही खचते. मग ते भिंत मागतात.

वाळूची टेकडी हीच मुळात भिंत असते, फक्त हलणारी. वादळात ती वाळू समुद्राला उधार देते आणि शांत दिवसांत परत घेते. ती सपाट करून पार्किंग केलं की उधार द्यायला काही उरत नाही. वाळू बरीचशी येते नदीतून, म्हणून वरच्या धरणांचा आणि वाळू उपशाचाही इथे थेट संबंध आहे. वॉशिंग्टनमध्येच एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये पाडली, त्यानंतर अडकलेला गाळ खाली आला आणि नदीच्या मुखाशी नवीन पुळण तयार झाली. इतक्या लवकर होईल असं मला वाटलं नसतं.

निळीशाई

ओलीवाट, तू लिहिलेलं वाचून ती गळपट्टी मीही कधीतरी लाथेनं उडवली असेल असं आठवलं. रडू नकोस, तुझ्यामुळे आता इथले कितीतरी जण ती ओळखतील.

प्लास्टिकवरून एक राहिलंच. हेंडरसन आणि कोकोस या लांबच्या बेटांवर संशोधकांनी वाहून आलेल्या बाटल्या-डबे तपासले, तर शंखातले जमिनीवर फिरणारे खेकडे आत शिरून गुळगुळीत भिंतीमुळे बाहेर पडू न शकल्यानं मेलेले सापडले. दोन्ही बेटं मिळून अंदाज ५,७०,००० खेकड्यांचा होता. आणि कारण किती क्रूर आहे बघा, मेलेल्या खेकड्याचा वास म्हणजे ‘इथे शंख रिकामा झालाय’ ही बातमी, म्हणून त्या वासानं पुढचा आत येतो, मग त्याच्या वासानं त्याच्या पुढचा. शंखच पुरेसे नसतील तर ते अजूनच शोधत फिरणार ना. म्हणून बाटली दिसली की टोपण नसलेली आधी उचलायची, आणि उचलण्याआधी आत कुणी जिवंत आहे का ते बघायचं.

वाळूचाकण

माझी असहमती मी मागे घेतो. मुलीला ओढ लागावी असं अजूनही वाटतं, पण बादली घरी ठेवून वही नेऊ. तिला चित्रं काढायला आवडतात.

अनवाणी

परत आलेय! जुनाखलाशी काकांनी सांगितल्याप्रमाणे वेळापत्रक बघून, दीड तास आधी, बहिणीला बरोबर घेऊन गेले. शंखातले खेकडे दिसले, समुद्रफूल दिसलं असं वाटतंय, नक्की सांगता येत नाही. पण मुख्य म्हणजे एका खडकावर सावलीच्या बाजूला लंबगोल खोलगट खूण दिसली, रिकामी, कडा अगदी कोरल्यासारख्या. आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर ओल्या शेवाळात एक टोपीवाला लिम्पेट! आकार तेवढाच वाटत होता. तो त्याच खुणेतला असेल का? आम्ही दोघी पाऊण तास बसलो, तो जेमतेम बोटभर सरकला, खुणेच्या दिशेनंच वाटत होतं पण खात्री नाही. मग पाणी फिरलं आणि बहीण म्हणाली उठ, म्हणून उठलो. फोटो काढलाय, शेजारी कालवांची एक चिकटलेली जोडी आहे ती खूण म्हणून लक्षात ठेवलीये.

जुनाखलाशी

पाणी फिरल्यावर उठलात हे सगळ्यात बरं केलंत. पंधरा दिवसांनी उधाणाला परत साधारण त्याच सुमाराला जा. खुणेत कोण आहे ते इथे लिहा, वाट बघतो.